आपटा ते खारघर: मधली वर्षं

पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं आपटा हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असतं ते त्याच्या रेल्वे स्टेशनामुळे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला धावत्या गाडीचा शेवटचा प्रसंग इथल्याच फलाटावर चित्रित झाला. मात्र कर्करोगाच्या नव्या औषधांचा प्रश्न समजून घ्यायलाही आपट्याइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. गावाच्या शेजारीच रसायनी-पाताळगंगेचा औद्योगिक पट्टा आहे. तिथे सिप्लाचा कारखाना 1982 पासून चालू आहे. आणि याच तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन आणि उपचार संस्था आहे. 4 जून 2021 रोजी देशातली पहिली ‘कार-टी’ पेशी उपचारपद्धती तिथल्याच बोनमॅरो विभागात एका रुग्णावर वापरली गेली.

औषध बनवणारे शेजारी, औषध शोधणारे तालुक्यात. तरीही आपट्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून ‘टाटाला’ पाठवलेल्या माणसाला जगात आज उपलब्ध असलेलं सर्वांत नवं औषध मिळेलच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून कळत नाही, ते वर्षांमध्ये मोजावं लागतं. एखादं औषध अमेरिकेत मान्य झालं त्या दिवसापासून ते पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरात पोचेपर्यंत किती वर्षं गेली, हा विषमतेचा सगळ्यात खरा हिशेब आहे. तो मांडत गेलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. ही वर्षं आपोआप कधीच कमी झाली नाहीत. दर वेळी कुणीतरी कोर्टात गेलं, कुणीतरी घासाघीस केली, नाहीतर कुणीतरी औषध इथेच बनवलं, तेव्हाच ती कमी झाली.

सुरुवात सदाफुलीपासून करायला हवी. कोकणातल्या कुठल्याही अंगणात दिसणाऱ्या या झाडातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन औषधं निघतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही पहिल्या फळीत आहे. अमेरिकेत ते 1963 मध्ये मान्य झालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने सिप्लाने ही औषधं इथे तयार केली ती 1980च्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे झाड अंगणात असूनही वीस वर्षं गेली. पण 1970चा पेटंट कायदा त्या काळी उद्योगाच्या बाजूने होता. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर मिळे. कृती बदलली की औषध आपलं. भारतीय औषध उद्योग उभा राहिला तो या एका तरतुदीवर.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून ही सवड संपली. रेणूवरच पेटंट देणं भाग पडलं. मात्र संसदेने कायदा बदलताना त्यात कलम 3(ड) घातलं: जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणलं, तर त्याची परिणामकारकता खरोखर वाढल्याशिवाय नवं पेटंट नाही. या कलमाचा पहिला मोठा कस लागला तो कर्करोगाच्याच औषधावर.

ते औषध म्हणजे नोव्हार्टिसचं ग्लिवेक, मूळ नाव इमॅटिनिब. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग या गोळीमुळे मधुमेहासारखा, गोळ्या खात सांभाळायचा आजार झाला. अमेरिकेत मान्यता मिळाली ती मे 2001 मध्ये. भारतात कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च एक लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत पडे. कंपनीने औषधाच्या एका स्फटिक रूपावर पेटंट मागितलं. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने 2006 मध्ये अर्ज फेटाळला. पुढे सात वर्षं खटले चालले आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचं म्हणणं अमान्य केलं. नोव्हार्टिसचा मोफत औषध देण्याचा कार्यक्रमही भारतात मोठ्या प्रमाणावर चालू होता, हे इथे नोंदवायला हवं. पण कंपनीच्या दयेवर मिळणारं औषध आणि दुकानात हक्काने घेता येणारं औषध यांत फरक असतोच. खटला त्या फरकाचा होता.

त्याच्या आधी वर्षभर मुंबईच्या पेटंट कार्यालयात एक वेगळाच निर्णय झाला होता. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं बायरचं नेक्साव्हर महिन्याला 2,80,428 रुपयांना मिळत होतं. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याचा, परवाना दिला. महिन्याचा खर्च 8,880 रुपयांवर आला आणि बायरला विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी देण्याचं ठरलं. ती पुढे 7 टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये हा परवाना कायम ठेवला. सिप्लाही तेव्हा याच औषधाची आपली गोळी विकत होती. तिनेही आपली किंमत उतरवली.

सक्तीच्या परवान्याची ही पहिली वेळ होती. आजवर दुसरी आलेली नाही. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयात स्तनाच्या कर्करोगाच्या एका महिला रुग्णाने रायबोसिक्लिब या औषधासाठी दाद मागितली. त्या एका औषधावर महिन्याला 58 हजारांवर रुपये जात होते, आणि घरात पैसा येई तो निवृत्तिवेतनाचा. सुनावणी चालू असतानाच त्या बाई गेल्या. न्यायालयाने विषय स्वतःहून पुढे चालू ठेवला. कायद्यात हत्यार आहे, पण सरकार ते म्यानातून काढायला कचरतं. व्यापार करारांच्या वाटाघाटी, परदेशी गुंतवणूक, मोठ्या देशांची नाराजी ही त्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. यातलं एकही कारण वैद्यकीय नाही.

या वर्षांचा तक्ता मनातल्या मनात मांडून पाहावा. सोराफेनिब, म्हणजेच नेक्साव्हर: अमेरिकेत 2005, भारतात स्वस्त 2012. ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या ‘हर-टू पॉझिटिव्ह’ प्रकारावरचं हर्सेप्टिन: अमेरिकेत 1998, बायोकॉनने तशाच प्रकारचं औषध भारतात बाजारात आणलं ते 2014 मध्ये, सोळा वर्षांनी. पाल्बोसिक्लिब, तेही स्तनाच्या कर्करोगावरचं: अमेरिकेत 2015, पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं आणि त्यानंतर भारतीय कंपन्यांच्या रांगेने किंमत कोसळली. आठ वर्षं. ज्या बाईला 2016 मध्ये हा आजार झाला, तिच्यासाठी 2023 सालच्या स्वस्त गोळीचा उपयोग शून्य. सरासरी आयुर्मानाच्या आकड्यांत ही बाई दिसत नाही.

श्रीमंत देशांत सगळं आलबेल आहे, असा समज मात्र चुकीचा. तिथल्या विषमतेचं रूप वेगळं असतं. इंग्लंडमध्ये नवं औषध सरकारी सेवेत घ्यायचं का, हे ‘नाइस’ ही संस्था ठरवते. एक निरोगी वर्ष मिळवायला किती पौंड लागतात, असा तिचा हिशेब असतो आणि वर्षानुवर्षं तिची मर्यादा 20 ते 30 हजार पौंडांची होती. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन हे नवं औषध स्तनाच्या कर्करोगाच्या ‘हर-टू लो’ प्रकारासाठी स्कॉटलंडने डिसेंबर 2023 मध्ये स्वीकारलं. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ने 2024 मध्ये ते नाकारलं. एकाच बेटावर, सीमेच्या अलीकडे-पलीकडे, एकाच आजाराच्या दोन बायकांना वेगवेगळं उत्तर. जर्मनीत युरोपीय मान्यतेनंतर औषध काही महिन्यांत रुग्णाला मिळतं. पूर्व युरोपातल्या काही देशांत दोन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. अमेरिकेत औषध सगळ्यांत आधी येतं आणि सगळ्यांत महागही असतं. तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत औषधांसाठी वर्षाला खिशातून भरायच्या रकमेवर 2,000 डॉलरची कमाल मर्यादा आली ती थेट 2025 मध्ये. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आणि तिथेच आजार निघालेल्या एखाद्या मराठी आजीला हे गणित चांगलंच कळतं: औषध कपाटात आहे, विमा कुठला, हा प्रश्न आहे.

एक बारीक फरक मात्र फार महत्त्वाचा. युरोपातली सरकारं छापील किमतीवर गुप्त सवलत घेतात. करारातला खरा आकडा बाहेर येत नाही. भारतातला रुग्ण मात्र दुकानात एकटा उभा असतो आणि पाकिटावर छापलेला आकडा भरतो. म्हणजे जगातलं सगळ्यात गरीब गिऱ्हाईक कित्येकदा छापील किंमत मोजतं आणि सगळ्यात श्रीमंत गिऱ्हाईक सवलतीत घेतं.

त्या पाकिटावरच्या किमतीतही पाणी असतं. रुग्णालयाला किंवा दुकानाला पडणारी किंमत आणि रुग्णाच्या बिलावरची किंमत यांत कर्करोगाच्या औषधांबाबत प्रचंड तफावत असे. फेब्रुवारी 2019 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. काही ब्रँडच्या छापील किमती 85 टक्क्यांहून जास्त उतरल्या. औषध तेच, कारखाना तोच, मधला नफा काढला. जुलै 2024च्या अर्थसंकल्पात ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन, ऑसिमर्टिनिब आणि ड्युरव्हॅलुमॅब या तीन औषधांवरचं सीमाशुल्क माफ झालं, त्याच वर्षी जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आला. बातमी मोठी झाली. पण ज्या औषधाचा वर्षाचा खर्च अनेक लाखांत जातो, तिथे दहा-पंधरा टक्क्यांच्या सवलतीने रुग्ण बदलत नाही; जो आधी घेऊ शकत होता, तोच थोडं कमी भरतो.

घासाघीस एकत्र केली तर काय होतं, याचं उत्तर परळला मिळालं. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने 2012 मध्ये ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ सुरू झालं. देशातली तीनशेहून अधिक केंद्रं आता त्यात आहेत. त्यांतल्या 23 केंद्रांनी मिळून 40 औषधांची मागणी एकत्र केली आणि कंपन्यांना एकाच टेबलावर बसवलं. 82 टक्के बचत झाली. वेगवेगळ्या औषधांत ती 23 पासून 99 टक्क्यांपर्यंत होती. नवा शोध नाही, नवा कायदा नाही, फक्त यादी एक केली. मात्र या यादीत प्रामुख्याने अनेक कंपन्या बनवतात अशी औषधं होती. जिथे विकणारा एकच आहे, तिथे ही युक्ती अर्धीच चालते.

महाराष्ट्राच्या योजनेबद्दल बोलताना रायगडचा उल्लेख वेगळा करावा लागतो. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, दीड लाखाचं छत्र पाच लाखांचं झालं आणि आयुष्मान भारतशी जोडलं गेलं. शस्त्रक्रिया, किरणोपचार, नेहमीची केमो यांत तिने हजारो कुटुंबं कर्जापासून वाचवली, हे निर्विवाद. पण योजना पॅकेजवर चालते: या आजाराला, या सायकलला, एवढी रक्कम. इम्युनोथेरपीसारखी नवी औषधं बहुतांशी या चौकटीत मावतच नाहीत. मग समाजसेवा विभागाच्या खिडकीशी फाईल जाते. खर्चाचं एस्टिमेट, मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यासासारखी देवस्थानं, कंपन्यांच्या ‘काही डोस घ्या, पुढचे मोफत’ अशा योजना, आणि शेवटी गावातली वर्गणी. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळे कागद. दरम्यान गाठ थांबत नाही.

शेजारच्या गोव्याने एक वेगळी वाट धरली. ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या कार्यक्रमातून स्तनतपासणी सुरू झाली, आणि 2023 मध्ये राज्याने पर्टुझुमॅब-ट्रॅस्टुझुमॅबचं एकत्रित इंजेक्शन रुग्णांना मोफत द्यायला सुरुवात केली. एका डोसची बाजारातली किंमत चार लाखांच्या वर सांगितली गेली. लहान राज्य, मोजके रुग्ण, एकच मोठं सरकारी रुग्णालय, त्यामुळे हे जमलं, हे खरं. पण बांद्याची किंवा सावंतवाडीची बाई पिढ्यानपिढ्या बांबोळीच्याच रुग्णालयात जात आली आहे, आणि 2018 पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे. भाषा तीच, देव तेच, पाहुणे पलीकडे. औषध मात्र पत्त्यावर ठरतं.

आता टाटाच्या डॉक्टरांनी काढलेल्या सगळ्यात वादग्रस्त वाटेकडे. तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग अमाप. पुढच्या टप्प्यावर गेलेल्या आजारात निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं उपयोगी पडतात. आपल्यासारख्या देशांत ती परवडतात शंभरातल्या एक ते तिघांना. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस 240 मिलिग्रॅमच्या घरातला. टाटातल्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष यांच्या गटाने विचारलं: 20 मिलिग्रॅम दिलं तर? या औषधाचा शरीरातला परिणाम डोसच्या प्रमाणात वाढत जात नाही, हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. 151 रुग्णांच्या चाचणीत अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब अशा स्वस्त गोळ्या दिल्या, बाकीच्यांना त्यासोबत तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्के झालं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत हे मांडलं गेलं तेव्हा जगाचं लक्ष परळकडे वळलं.

यातली एर्लोटिनिब ही गोळीसुद्धा भांडून मिळालेली. सिप्लाने 2008 मध्ये ती रोशच्या गोळीच्या सुमारे एकतृतीयांश किमतीत आणली, रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि महागडं औषध रुग्णांना न परवडणं हा सार्वजनिक हिताचा मुद्दा मानून न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. पुढे 2015 मध्ये खंडपीठाने पेटंटभंग झाल्याचं ठरवलं, पण तोवर पेटंटचं आयुष्य संपत आलं होतं.

टाटाच्या चाचणीवर आक्षेपही रास्त आहेत. कमी डोसची तुलना पूर्ण डोसशी झाली नाही, कारण पूर्ण डोसचा खर्च करायचा कुणी? समीक्षक म्हणतात, गरिबांना पातळ औषध देऊन समाधान मानू नका. त्यांचं चुकत नाही. पण त्यांची तुलना कागदावरच्या पूर्ण डोसशी असते. वॉर्डातल्या माणसापुढे पर्याय असतो तो 20 मिलिग्रॅम किंवा काहीच नाही. असा प्रश्न कंपनी कधीच विचारणार नाही. कमी औषध पुरतं हे सिद्ध करायला कोणता विक्रेता पैसे घालेल? म्हणून तो सरकारी रुग्णालयानेच विचारायला हवा होता, आणि विचारला.

खारघरची कार-टीची गोष्ट याच्याच पुढची. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाच्या पेशी ओळखतील अशा करायच्या, आणि परत चढवायच्या. अमेरिकेत 2017 मध्ये मान्य झालेल्या पहिल्या औषधाची किंमत 4,75,000 डॉलर होती. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार, टाटाचे डॉक्टर आणि आयआयटीतूनच निघालेली इम्युनोअ‍ॅक्ट कंपनी यांनी ‘नेक्सकार-19’ बनवलं. ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ते सुरू झालं. ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त 2025 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार 73 टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला. सहा वर्षांचं अंतर, आणि किंमत परदेशाच्या सुमारे एक दशांश. हा पराक्रमच आहे. तरी एक दशांश म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास. आपट्याच्या आसपासच्या कातकरी वाडीतल्या घराला चार कोटी आणि चाळीस लाख हे दोन्ही आकडे सारखेच.

आणि हे सगळं नंतरचं. भारतात 2022 मध्ये कर्करोगाचे चौदा लाखांवर नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यांतले कितीतरी उशिरा येतात. नवी औषधं बहुतेक वेळा विशिष्ट चाचणीनंतरच देता येतात: फुप्फुसाला ऑसिमर्टिनिब द्यायचं तर आधी जनुकातला बदल तपासा, ट्रॅस्टुझुमॅब द्यायचं तर हर-टू तपासा. तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट यायला दिवस गेले, मुंबईत राहायची सोय नाही म्हणून माणूस घरी गेला आणि परत आलाच नाही, हे नित्याचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात खोली मिळणं हा औषध मिळण्याचाच एक भाग असतो, हे कुठल्याही किंमत-तक्त्यात येत नाही. 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत केमोची डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 18 रुग्णालयांचं त्रिस्तरीय जाळं मंजूर केलं. आपट्याच्या माणसाला दर तीन आठवड्यांनी परळची वारी करावी लागली नाही, तर त्याची रोजंदारी वाचेल आणि उपचार मध्येच सुटणार नाही. पण डे-केअरच्या खुर्चीवर कोणती बाटली टांगायची, हे औषधांच्या यादीवर ठरतं.

ती यादी मागे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2019 मध्येच त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी आली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला फुप्फुस, गर्भाशयमुख आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीही स्थान मिळालं. भारताच्या 2022च्या राष्ट्रीय यादीत कर्करोगाची चार औषधं नव्याने आली: बेंडामस्टिन, आयरिनोटेकॅन, लेनालिडोमाइड, ल्युप्रोलाइड. चारही कामाची, चारही जुनी.

पेम्ब्रोलिझुमॅबच्या मूळ पेटंटची मुदत 2028 मध्ये संपते. तेव्हा भारतीय कंपन्या तयार असतील. मात्र सप्टेंबर 2025 मध्येच अमेरिकेत त्याचं त्वचेखाली टोचायचं नवं रूप मान्य झालं. काही मिनिटांत देता येणारं, रुग्णालयाची खुर्ची कमी वेळ अडवणारं, म्हणजे सोयीचंच. अशा नव्या रूपांवर भारतात पेटंट मागितलं गेलं, तर पेटंट कार्यालयाला कलम 3(ड) पुन्हा उघडावं लागेल, आणि मुंबईतल्या एखाद्या रुग्णसंस्थेला पुन्हा हरकतीचा अर्ज लिहायला बसावं लागेल.